कमरेतून

गाडी लेकीची. हँडल इतकं खाली
की बसलं की वाटतं, कुणाच्या तरी पाया पडतोय.
बावन्न वर्षांत इतका वेळ
मी कुणापुढे वाकलो नव्हतो.

उत्कर्षाची बदली कुरखेड्याला झाली,
गाडी कारंज्यात राहिली, ताडपत्रीखाली.
फोनवर म्हणाली, बाबा, ट्रान्सपोर्टने टाका.
टाकतो, म्हणालो.
आणि पहाटे चारला फाटक उघडलं.

तिचं सगळं सांगणं पाठ होतं:
गुडघ्यांनी टाकी धरायची, हातांनी नाही.
कोपरं सैल.
तहान लागायच्या आधी पाणी,
कंबर बोलायच्या आधी थांबा.
पाठ होतं म्हणजे डोक्यात होतं,
दारव्ह्यापर्यंत ते मनगटात उतरलं नाही.
यवतमाळ आलं तेव्हा करंगळ्या माझ्या नव्हत्या.
कळंबला चहाचा ग्लास दोन्ही हातांनी धरला,
लहान पोर धरतं तसा.
टपरीवाला म्हणाला, "काका, हे पोरायची गाडी हाये."
मी म्हटलं, पोरीची.

वर्ध्याच्या अलीकडे रज्जाकभाई गादीवाले.
सीट दाबून पाहिली, मग माझ्याकडे पाहिलं,
दोन्हीकडे फारसं मांस नाही असं ठरवलं.
"कापूस दबून जाते. शेवरीचा टाकतो."
हातभर उशी, चार बंद, एकशे ऐंशी रुपये.
खालचं दुखणं तिथेच राहिलं,
वरचं माझ्यासोबत आलं.

जाम. गिरडची टेकडी. उमरेडला कोळशाचे ट्रक,
त्यांच्यामागे तासभर काळं पाणी खात.
भिवापूरला मिरचीचा हंगाम नव्हता,
तरी सवयीने शिंक आली.

नागभीड सुटलं आणि जमीन बदलली.
आमची काळी संपली, बांध्या लागल्या,
पाण्यात आभाळ, आभाळात बायांची रांग,
सगळ्या माझ्यासारख्याच वाकलेल्या.
धुऱ्याशी गाडी लावली. उतरलो,
पण उभा काही झालो नाही.

रांगेतली सगळ्यात म्हातारी खो खो हसली.
"का गा, गाडीवर रोवना करतस का?"

मग चिखलातूनच शिकवणी:
"पाठीतून नोको वाकू. कमरेतून वाक.
पाठ फळीवानी ठेव, पोट आत घे.
हातावर भार देल्ला त परा कोन लावन?"
आणि दाखवलं.
सकाळपासून वाकलेली ती बाई
माझ्यासाठी सरळ झाली,
आणि पुन्हा वाकली.
कमरेत कुठेतरी बिजागरी होती तिच्या.
सयाबाई नाव. वय विचारलं तर म्हणाली,
"कागदावर पाह्य लागन."

निघालो.
पोट आत. पाठ फळी.
दोन गुडघ्यांत टाकी, गरम, वासराच्या पोटासारखी.
ब्रह्मपुरीच्या आत कधीतरी
हात हलके झाले, आणि मला कळलंही नाही;
दुखणं थांबलेलं कळतं ते उशिरा.
मूठ आता पऱ्याची जुडी:
आवळली तर चुरगळेल, सोडली तर वाहून जाईल.
वैनगंगेच्या पुलावर वारा अंगावर आला,
तो छातीने तोलून धरला.
थोडं पडलोच त्याच्यावर, खरं सांगायचं तर.
बरं वाटलं.

कुरखेड्यात उत्कर्षाने आधी गाडी पाहिली.
चेन पाहिली, टायर पाहिला, वास घेतला.
मग मला.
"हात दाखवा."
दाखवले. उघडले, मिटले, उघडले.
तिला वाटलं होतं तसे नव्हते, म्हणून जरा रागावली.
उशीचे बंद सोडत म्हणाली,
ही घ्या, उद्या एसटीत लागेल.

लागली.
एसटीची सीट काटकोनात, पाठ टेकायला जागा,
आणि तळोधीपर्यंत माझं अंग दुखून आलं.
गुडघे मधली टाकी शोधत होते.
खिडकीतून ती बांधी दिसली,
ओळखली, धुऱ्यावर माझ्याच टायरची खूण होती.
हिरवी, भरलेली.
कुणीच वाकलेलं नव्हतं तिथे.
मी तेवढा, सीटवर, कमरेतून,
जरासा पुढे.